दोन फेऱ्यांच्या मधला वेळ

बाबा पडले त्या दिवसापासून त्यांनी उजवा हात शालीखालून बाहेर काढला नाही. याच हाताने त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पट्टी न लावता सरळ रेघ ओढली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तो लुळा पडला होता आणि आता कुठे त्यात पकड येऊ लागली होती. "माझाच हात सुटला," एवढंच ते म्हणाले. पुन्हा उभं राहायचं नाव नाही.

ज्याचा दांडा धरून चालताना बाबा पडले, ते चालायला आधार देणारं यंत्र दादाच्या कंपनीचं आणि त्याचा मेंदू दादाने लिहिलेला. मीही तिथेच तपासणीत आहे. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा माझा धंदा, आणि स्वभावही, असं दादा म्हणतो.

यंत्राचा मेंदू म्हणजे प्रश्नांचं एक झाड. बुडापासून विचारत जायचं: दांडा धरलाय का? तोल जातोय का? जात असेल तर सावर. फेरी संपली की क्षणभर विसावा घेऊन बाकीच्या कामांना वाट द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला पन्नास फेऱ्या. दादाने प्रत्येक फेरीला घड्याळ लावलेलं होतं आणि त्या दिवशीही एकही फेरी लांबलेली नव्हती. "यंत्र वेळेत होतं," तो हळू आवाजात म्हणाला. म्हाताऱ्या माणसावर खापर फोडताना आवाज मऊ केला म्हणून खापर मऊ होत नाही. मला रागच आला.

कारण त्या संध्याकाळी बाबांचे हात धुताना मी त्यांचा तळवा पाहिला होता. दांड्यावरच्या रबराचे वळ त्यात खोल उमटले होते. हात सोडणाऱ्याच्या तळव्यावर असे वळ कुठून येणार?

म्हणून मी यंत्राच्या घड्याळावर विसंबलेच नाही. दर फेरीच्या सुरुवातीला लुकलुकेल असा एक छोटा दिवा बाहेरून जोडला आणि फोनवर स्लो मोशनमध्ये त्याचं शूटिंग केलं. सकाळभर दिवा गुणी बाळासारखा वागला. मी चिडून सगळं आवरायला घेतलं आणि मग आठवलं, त्या दिवशी यंत्रावरचा कॅमेराही चालू होता. बाबांचं पहिलं चालणं जपून ठेवायला दादानेच रेकॉर्डिंग लावलं होतं.

मी रेकॉर्डिंग लावलं. व्हिडिओ साठवायला सुरुवात झाली आणि दिवा थांबला. जवळजवळ अर्धा सेकंद. मग काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा लुकलुकू लागला. यंत्राचा अहवाल मात्र सांगत होता, प्रत्येक फेरी वेळेत.

प्रोग्राम उघडला तेव्हा कळलं. दादाचं घड्याळ पहिल्या प्रश्नाला सुरू होऊन शेवटच्या प्रश्नाला बंद होत होतं. मधला विसावा त्यात धरलेलाच नव्हता, आणि व्हिडिओमुळे लांबला होता तो विसावाच. तेवढा वेळ तोल जातोय का हे विचारणारं आणि सावरणारं कोणी नव्हतं. पहारेकऱ्याने जागेपणीचे तास तेवढे मोजावेत आणि म्हणावं, मी ड्युटीवर कधी झोपलोच नाही.

दादाने ते शूटिंग पुन्हा पुन्हा पाहिलं. आपलेच दात आपलेच ओठ, मी तरी काय बोलणार? त्याने बाहेर दिलेली सगळी यंत्रं थांबवायला सांगितली. मग एका फेरीच्या सुरुवातीपासून पुढच्या फेरीच्या सुरुवातीपर्यंत चालेल असं घड्याळ बसवलं. राहिलं घर, बाबांना हे सांगणं.

सांगायचा हक्क माझा होता, पण तो मी दादाला दिला. तो पलंगाशेजारी स्टुलावर बसला.

"बाबा, तुमचा हात सुटला नव्हता. यंत्र मध्येच थांबलं होतं. मोजण्यात चूक झाली, माझी."

बाबा छताकडे बघत राहिले. "मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस?"

"नाही. हिने मोजलंय."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कोणाचं मन राखायला मी खोटं बोलत नाही, हे त्यांना माझ्या लहानपणापासून माहीत आहे. त्यावरून बोलणीही त्यांनीच खाल्ली आहेत, शेजाऱ्यांची. मी मान हलवली.

शाल हलली. हात बाहेर आला, बारीक झालेला, आणि उशाशी ठेवलेल्या पेल्याकडे गेला. पाणी डचमळलं, चादरीवर सांडलं. दादा उठू लागला तशी मी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

बाबा सगळं पाणी प्यायले. पेला त्यांनी स्वतःच खाली ठेवला.