बगळ्याच्या खडपावरची कालवं

ओहोटीचं पाणी पार खाली गेलं होतं. हंसाबाय पुढे चालली होती, हातात कोयती, कमरेला रिकामी टोपली. मागून जागृतीबाई शेवाळावर पाय जपत येत होत्या. वाळूच्या दांडीपलीकडच्या पाड्यातल्या बाया शिंपल्यातली कालवं काढायला निघाल्या की त्यांच्या गप्पा पार बंधाऱ्यापर्यंत ऐकू यायच्या. आज दोघीच होत्या.

बगळ्याचा खडप, ओहोटीत उघडा पडणारा तो खडक, आला. हंसाबाय सवयीने उकिडवी बसली आणि तिने कोयती ठोकली. नुसता दगड वाजला. कालवांच्या जागी पहारीचे ताजे घाव होते.

"बघा," ती म्हणाली. "बुडासकट उपटून नेलंय."

जागृतीबाई पाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. पोरांचे निबंध वाचायला घरी सवड कुणाला? बाप बोटीवर, आई बाजारात. म्हणून त्यांनी पोरांचं काम मोबाईलवर रेकॉर्ड करून दर शनिवारी पालकांच्या ग्रुपवर पाठवायला सुरुवात केली. पॉडकास्ट हा शब्द पाड्याने लगेच पचवला. मासळी निवडता निवडता आज कुणाचं पोर बोललं, याची चौकशी व्हायला लागली.

हंसाबायच्या रिद्धीने आईलाच बोलतं केलं, कालवांवर. आमच्या गावाजवळ कालवं मिळतात, अशी तिने सुरुवात केली होती. बाईंनी थांबवलं. गावाजवळ म्हणजे कुठे? निरीक्षण नेमकं हवं. मग रिद्धीने आईला पुन्हा विचारलं आणि हंसाबायने भोळेपणाने सगळं सांगितलं. देवळामागची पायवाट, बर्फाच्या कारखान्याच्या सरळ रेषेत, कुठल्या तिथीला खडप उघडा पडतो तेही. रेकॉर्डिंग लांबलं. लांबलं की कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही, म्हणून बाईंनी शेपूट छाटलं. आईचं शेवटचं राहिलं, असं रिद्धी म्हणाली होती. पुढच्या वेळी घेऊ, असं बाई म्हणाल्या होत्या.

भाग इतका छान झाला की त्यांनी तो तालुक्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकला. तिथून तो कुठे कुठे फिरला कोण जाणे. पुढच्या मोठ्या ओहोटीला टेम्पो करून माणसं आली, पहारी आणि गोणपाटं घेऊन. हंसाबाय अडवायला धावली, तर एकाच्या मोबाईलमधून तिचाच आवाज येत होता.

"काकी, तुम्हीच तर सांगितलंत," तो हसून म्हणाला.

खडपावर उभ्या उभ्या बाईंनी पर्समधून मोबाईल काढला. न कापलेलं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे होतं. त्यांनी शेवट लावला. वाऱ्यात हंसाबायचा आवाज घुमला.

"वरचा झाकन उघडायचा, कालव घ्यायचा. खालची शिंप खडपाला तशीच ठेवायची. पिल्लू तिच्यावरच बसतंय. बारक्याला हात लावायचा नाय."

हंसाबायने मान वर केली. "ह्या मी बोललेली?"

"हो. मी कापलं."

"का?"

"लांब होत होतं."

जुन्या शिंपेवरच नवी पिल्लं बसतात, हे बाई कॉलेजात शिकल्या होत्या. परीक्षेत लिहिलंही होतं. कापताना मात्र त्यांनी फक्त मिनिटं बघितली होती.

हंसाबाय कोयतीचं टोक पदराला पुसत राहिली. "शेजारची नर्मदा बोलते, हंसाने खडप विकला. नळावर माज्याशी कोन बोलत नाय, बाई. तुमी यवढा करा, मी पुरा सांगितलेला, ता सगल्यांना आयकवा."

शनिवारी बाईंनी आधी स्वतःच्या आवाजात सांगितलं की चूक माझी, हंसाबायचं बोलणं मी तोडलं. त्यामागे अख्खं रेकॉर्डिंग लावलं. या वेळी फक्त वाट आणि तिथी कापली. जिथे जिथे पहिला भाग गेला होता, तिथे तिथे हाही पाठवला.

संध्याकाळी नर्मदा बोंबलांचा वाटा घेऊन हंसाबायच्या ओट्यावर येऊन बसली, असं रिद्धीने येऊन सांगितलं. बाईंना जरा हायसं वाटलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. अनोळखी नंबर होता.

'छान माहिती मॅडम. पण जागा कुठली, ते कट झालंय. पुन्हा पाठवा.'

रिद्धीने वाकून वाचलं. मग बाईंकडे बघितलं आणि घरी गेली.