बंबाचं गणित

आमच्या वसतिगृहात विषय कसा निवडायचा हे न्हाणीघर ठरवतं. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल, पण वाटू दे. ज्यानं डिसेंबरमध्ये पहाटे साडेपाचला धुळ्यात गार पाण्याचा तांब्या अंगावर घेतला नाही, त्यानं आमच्या अकलेबद्दल बोलूच नये.

आमचं निवासी कॉलेज धुळ्याच्या देवपुरात आहे, फक्त मुलींचं. अकरावी सायन्सला आम्ही पन्नास जणी, आणि बहुतेक आठवीपासून तिथंच राहणाऱ्या. अंघोळीच्या पाण्यासाठी मागच्या अंगणात एक भलामोठा बंब आहे. स्वयंपाक करणाऱ्या कमलबाई तो पहाटे पेटवतात. बायोलॉजीवाल्या मुलींचं प्रॅक्टिकल सातला, म्हणून पहिल्या अंघोळी त्यांच्या. गणितवाल्यांचा तास नऊला, म्हणून त्यांचा नंबर मागून. म्हणजे बायोलॉजी घेतली की गरम पाणी, गणित घेतलं की कोमट, आणि रांगेत शेवटी असलात तर नुसतं पाणी. दोन्ही विषय घ्यायची सोय नाही, कारण बायोलॉजीचा वर्गातला तासही नऊलाच असतो.

त्यामुळे अकरावीच्या सुरुवातीला एका गुरुवारी विषयांचे फॉर्म मिळाले आणि संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस मुली डॉक्टर व्हायला निघाल्या. त्यात मीही होते. मी हेमलता, अमळनेरकडची. मला बेडकाकडे बघवत नाही. पण वडिलांनी, म्हणजे आबांनी, फोनवर सांगितलं होतं, "डॉक्टरीन व्हयजो बेटा, आपला गावमा सुई टोचाले बी कोणी नही शे." त्यात गरम पाण्याची भर. मी डोळे मिटून बायोलॉजीवर खूण केली. फॉर्ममध्ये 'विषय निवडण्याचे कारण' असा एक रकाना होता. तिथं मी 'सेवा' लिहिलं.

गणितावर खूण करणाऱ्या सात जणी, आणि त्यातली एक बिजला.

बिजला माझ्या खोलीत आठवीपासून आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरच्याही पुढं तिचा पाडा. बोलते कमी, मोजते जास्त. पायऱ्या मोजते, पंख्याचे फेरे मोजते. ताटात तीन पोळ्या पडल्या आणि शेजारणीच्या ताटात चार, हे तिला न बघता कळतं. माझ्या तीन वर्षांच्या गृहपाठातली गणितं तिचीच. मी फक्त सुवाच्य अक्षरात उतरवून काढलीत.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या रेक्टर सुलक्षणा मॅडमनी फळ्याशेजारी सूचना लावली. कोणत्याही विषयाला वीसपेक्षा कमी मुली असतील तर त्या विषयाची तुकडी निघणार नाही. फॉर्ममध्ये बदल करायचा असेल तर शनिवारी पाचपर्यंत.

बिजलानं सूचना वाचली, खोलीत आली आणि खाटेवर बसून राहिली. जेवायला आली नाही. बिजला जेवण सोडते म्हणजे भूकंपच.

"दुसऱ्या कॉलेजात आहे की गणित," मी म्हणाले.

"तिथं वसतिगृह नाही."

"मग घे ना बायोलॉजी. आपण दोघी बरोबर राहू."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. मग ती बोलली. एका दमात इतकं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

"आमच्या पाड्यावर टाकी बांधली. पाइप टाकला. पहिल्या दहा घरांना पाणी येतं, आम्हाला येत नाही. आमचं घर शेवटचं. साहेब आला, म्हणाला उतार चुकला. आई म्हणाली, मग दुरुस्त करा. तो म्हणाला, आधी मोजून उतार काढावा लागेल. दोन वर्षं झाली. तो उतार मला काढता आला पाहिजे."

मला राग लवकर येतो, आणि आला की तो कुठंतरी नेऊन ओतावा लागतो. बिजलाची आई नानीबाई दोन वर्षं डोक्यावरून पाणी आणते आणि इथं आम्ही त्रेचाळीस जणी एका तांब्यासाठी तिच्या लेकीचा विषय बुडवतोय! मी ताडकन उठले. पण उठून करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. ते बिजलाला ठाऊक होतं.

"बंबात किती बादल्या निघतात?" तिनं विचारलं.

आम्ही कमलबाईंकडे गेलो. त्या पोळ्या लाटत होत्या. एका बंबात पंचवीस बादल्या, मग पुन्हा भरून तापायला एक तास.

"मग गणितवाल्यांना गार का? त्यांना तर नऊपर्यंत वेळ असतो."

कमलबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "मी ते रोज सांगस, एक घंटा थांबा व माय! ऐकस कोन? बठ्ठ्या पोरी बादल्या लिसन उभ्या. एक उभी राहिनी का दुसरी उभी."

खरं होतं ते. इतक्या वर्षांत रांग सोडून एक तास थांबायचं एकाही मुलीला सुचलं नव्हतं. आपण थांबलो आणि दुसरीनं बादली भरली तर? या भीतीनं सगळ्या जणी सहालाच उभ्या राहून कोमट पाणी घेत होत्या आणि वर गणिताला शिव्या देत होत्या.

बिजलानं चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर मांडलं. पन्नास जणी बायोलॉजीला गेल्या तर साडेपाचला पन्नास बादल्या हव्यात. बंबात पंचवीस. प्रॅक्टिकल सातला, म्हणजे दुसरा बंब तापायला वेळच नाही. रोज पंचवीस जणी गार. तेच निम्म्या गणिताला आल्या आणि एक तास थांबल्या, तर पंचवीस पहिल्या बंबाला, पंचवीस दुसऱ्या बंबाला. एकही गार नाही.

मी ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा भिंतीकडे पाहिलं आणि मला ते समजलं. म्हणजे खरंच समजलं, उतरवण्यापुरतं नाही. दहावीला गणितात अडतीस मार्क मिळवलेल्या मुलीच्या आयुष्यात असे प्रसंग फार येत नाहीत.

शुक्रवारी मी हे सांगत खोल्याखोल्यांतून फिरले. बिजलाला नेलं नाही, कारण ती खरं तेवढंच बोलते आणि प्रचाराला ते चालत नाही. पहिल्या खोलीत मी कागदावर मांडून दाखवलं. तिसऱ्या खोलीत कागद लागला नाही. आठव्या खोलीत तर मुली शंका विचारत होत्या आणि मी सरांसारखी "चांगला प्रश्न!" म्हणत होते. फक्त एक चूक झाली, आणि ती माझ्या स्वभावातली आहे. प्रत्येक खोलीत निघताना मी दार लोटून हळूच सांगितलं, "तुम्ही माझ्या जवळच्या म्हणून सांगते. दुसऱ्या बंबाचं कुणाला बोलू नका. निवांत साडेसातला उठा, पूर्ण बंब तुमचा."

अशा माझ्या जवळच्या खोल्या एकूण अकरा निघाल्या.

शनिवारी दुपारी गणिताचे रतिलाल सर हातात मोठी पिशवी घेऊन हॉलमध्ये आले. सर सावद्याचे, केळीच्या गावचे. दर वर्षी कशाबशा वीस मुली मिळणाऱ्या माणसाच्या तुकडीत या वर्षी बेचाळीस नावं आली होती. त्यांनी सगळ्यांसाठी केळीचे वेफर्स आणले होते. चष्मा पुसत ते म्हणाले, "मुलींनो, सव्वीस वर्षं शिकवतोय. गणिताची गोडी एक दिवस लागतेच, हे मी घरी नेहमी सांगतो. आज खरं झालं." मी वेफर्स घेतले आणि तसेच शेजारणीला देऊन टाकले.

कोपऱ्यात उषा रडत होती. उषाला खरोखरच डॉक्टर व्हायचं होतं. आठवीत तिनं वसतिगृहाच्या मांजरीच्या पायाला पट्टी बांधली होती, आणि मांजर आजही उषाला पाहून पळतं. बायोलॉजीला आता आठ जणी उरल्या होत्या. बिजलाची तुकडी वाचवता वाचवता मी उषाची बुडवली होती.

"बेचाळीस," बिजला माझ्या कानाशी म्हणाली. "दुसऱ्या बंबाला सतरा जणी गार."

"मला गणित नको सांगूस आता!"

तेवढ्यात सुलक्षणा मॅडम फॉर्मचा गठ्ठा घेऊन आल्या. मॅडम ओरडत नाहीत. त्या वाचतात, आणि ते जास्त वाईट असतं.

"कारणांचा रकाना वाचते," त्या म्हणाल्या. "'गरम पाणी.' 'पाणी गरम मिळते म्हणून.' 'दुसरा बंब.' 'हेमलताने सांगितले.' 'साडेसातपर्यंत झोप.' 'हेमलताने सांगितले, कुणाला सांगू नका.'"

रतिलाल सरांनी पिशवी हळूच टेबलाखाली ठेवली. त्यांचा चेहरा पाहून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आणि हे बघा, 'शेवटच्या घरापर्यंत पाणी यावे म्हणून.'" मॅडमनी मान वर केली. "शेवटच्या न्हाणीघरापर्यंत, असं म्हणायचंय का तुला, बिजला?"

सगळ्या हसल्या. बिजला उभी राहिली. तीन वर्षांत तिला हॉलमध्ये उभं राहून बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. तिनं टाकी सांगितली, पाइप सांगितला, दोन वर्षं सांगितली. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "आमचं घर अकरावं आहे, मॅडम." आणि खाली बसली.

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. मॅडमनी तिचा फॉर्म गठ्ठ्यातून काढून वेगळा ठेवला. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. रेक्टरच्या तोंडून हे शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकले.

मग त्या खडूनं फळ्यावर लिहायला लागल्या. सोमवारपासून बायोलॉजीचं प्रॅक्टिकल दुपारी. अंघोळी खोल्यांप्रमाणे, निम्म्या पहिल्या बंबाला, निम्म्या एका तासानं दुसऱ्या बंबाला, दर आठवड्याला अदलाबदल. सगळ्यांना गरम पाणी. "आता पाण्याचा प्रश्न मिटला," त्यांनी खडू ठेवला. "कोरे फॉर्म घ्या. आता सांगा, तुम्हाला काय शिकायचंय?"

अशी शांतता त्या हॉलमध्ये परीक्षेलाही नसते. पेनं हातात, कागद समोर, आणि पन्नासातल्या अठ्ठेचाळीस जणी छताकडे बघतायत. उषानं आणि बिजलानं मात्र अर्ध्या मिनिटात फॉर्म देऊन टाकले. बाकीच्या हळूहळू उठू लागल्या. काहींनी वेफर्स खात खात विचार केला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मॅडमनी मोजलं. "बायोलॉजी तीस. गणित एकोणीस." त्यांनी गठ्ठा पुन्हा चाळला. "एकूण एकोणपन्नास. एक कागद कोरा आहे. हेमलता?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अकरा खोल्यांत सगळ्यात जास्त बडबडलेली मीच, आणि माझ्याच कागदावर काही नव्हतं. फक्त बिजला माझ्याकडे बघत नव्हती. ती खिडकीचे गज मोजत होती. ते चौदा आहेत हे तिला आठवीपासून माहीत आहे. तिला माझ्यावर ओझं टाकायचं नव्हतं, आणि त्यामुळे ते जास्तच जड झालं.

मी खरंच विचार केला. 'सेवा' लिहिणं सोपं होतं. आबा खूश झाले असते. पण मला सारखी शुक्रवारची आठवी खोली आठवत होती. एका मुलीनं विचारलं होतं, "पण निम्म्याच का? तीस-वीस केलं तर?" आणि मी कागद न घेता सांगितलं होतं, "तर पहिल्या बंबाला पाच जणी गार." मला कुणी सांगितलं नव्हतं ते. माझं मला आलं होतं. तेव्हा अंगावर जो आनंदाचा काटा आला, तसा मला कुठल्याच विषयात कधी आला नव्हता.

मी गणितावर खूण केली. कारणात लिहिलं, 'अकरा खोल्यांत समजावता समजावता मला समजले.'

रतिलाल सरांनी फॉर्म घेतला, माझे दहावीचे मार्क पाहिले. "अडतीस?" ते म्हणाले. मग उरलेल्या वेफर्सची अख्खी पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. अभिनंदन म्हणून दिली की पुढं लागेल म्हणून, ते मी विचारलं नाही.

त्या रात्री माझ्या ताटात पाच पोळ्या होत्या आणि तिच्या ताटात एक.

आबांना रविवारी फोन केला. "आबा, मी गणित लिधं."

पलीकडून म्हशीची घंटी ऐकू आली. "गणित?" आबा म्हणाले. "आपला घरमा ते कोणलेच येस नही." पुन्हा घंटी. "चाल मंग, एक जणले ते येई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात आबांनी विचारलं, "पानी ते गरम मिळस ना तठे?"

आता डिसेंबर चालू आहे. पहिल्या चाचणीत मला पन्नासपैकी सोळा पडले. सरांनी वेफर्सची आठवण काढली नाही, हा त्यांचा मोठेपणा. दिवाळीच्या सुट्टीत बिजलानं पाड्यावरचा सगळा पाइप दोरीनं मोजून आणला, उंचसखल जागा गवंडी वापरतात तशा पाणी भरलेल्या नळीनं तपासून आणल्या. या आठवड्यात आमची खोली दुसऱ्या बंबाला आहे. पाणी तापतं तो एक तास आम्ही दोघी बंबाशेजारी पाटावर बसून तो उतार काढतो, ती तिच्या वहीत, मी माझ्या. चार दिवस माझं उत्तर तिच्याशी जुळत नव्हतं. वहीत टाकी मी दोनदा घराच्या खाली नेली होती.

काल जुळलं. दहाव्या घरापुढं पाइप हातभर चढतो, दोघींच्या वहीत तेच आलं. आम्ही पुन्हा करून पाहिलं, तरी तेच आलं. उत्तर कागदावर नीट लिहून काढलं, साहेबाला पाठवायला. वर पाहिलं तर कमलबाई रिकामा बंब घासत होत्या आणि आमच्या वाट्याच्या दोन बादल्या कुणीतरी लांबवल्या होत्या.

आम्ही गार पाण्यानं अंघोळ केली. बिजलानं तांबे मोजले. माझे नऊ झाले.