बोटांनी पाहायची रेघ

मित्रांनो, टेबलावर पडलेली ही कडेने तडकलेली जुनी पाटी म्हणजे मी. लाकडी चौकट, तिच्यात रबर आणि वर दोन चिमटे, एवढाच माझा संसार. माझ्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद लावून बोथट टोकाने रेघ ओढली, की ती फुगून वर येते. मग ती बोटांनी पाहता येते.

माझा जन्म एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. तिथल्या मॅडम अपंग माणसांना उपयोगी पडतील अशा साधनांवर संशोधन करत. त्यांच्या वर्गात एक मुलगी आली. तिची दृष्टी लहानपणीच गेली होती. हाताला लागेल ती वस्तू ती वितीने मोजून पाही, म्हणून मैत्रिणी तिला 'फूटपट्टी' म्हणत. गणितात ती भल्याभल्यांना ऐकत नसे. पण ड्रॉइंगपाशी गाडी अडली.

विभागप्रमुख म्हणाले, "तिला या विषयातून सूट देऊन टाकू. उगाच डोक्याला ताप कशाला?"

"सूट नको, सर," फूटपट्टी म्हणाली. "उद्या कारखान्यात यंत्राचा नकाशा पुढे आला, तर तिथेही सूट मागू का?"

मग मॅडमनी मला घडवायला घेतलं. पहिलं रबर इतकं मऊ निघालं, की कागद टराटरा फाटला. दुसरं इतकं कडक, की रेघ उठेचना. फूटपट्टी बोट फिरवून विचारी, "मॅडम, ही रेघ आहे की सुरकुती?" मॅडम हसत आणि पुन्हा रबर बदलत. शेवटी एकदाचं जमलं. तिने काढलेलं पहिलं वर्तुळ चाचपून मैत्रीण म्हणाली, "अगं, हा तर बटाटा!" फूटपट्टीने कागद काढला आणि नवा लावला. असे किती कागद माझ्यावर चढले नि उतरले, याची गणती नाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तिची वर्षभराची चित्रं पाहून म्हणाले, "ही हिनेच काढली कशावरून?"

मॅडमचा पारा चढला. फूटपट्टी मात्र शांतपणे म्हणाली, "सर, वस्तू तुम्ही निवडा. तुमच्यासमोर काढते."

त्यांनी फळीवरचं एक लोखंडी ब्रॅकेट तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून चाचपलं आणि काढायला बसली. परीक्षकांनी पट्टी लावून रेघ न् रेघ तपासली. "आतलं भोक दाखवणारी तुटक रेघ राहिली. मार्क कापतोय."

मॅडमचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर फूटपट्टी त्यांचा हात धरून म्हणाली, "मॅडम, त्यांनी चूक काढली! म्हणजे इतरांसारखंच तपासलं." ती पास झाली.

पुढे मला बक्षीस मिळालं, माझे फोटो निघाले आणि मी काचेच्या कपाटात गेले. फूटपट्टी शिकून बाहेर पडली, मॅडम निवृत्त झाल्या. पाहुणे आले की विभागप्रमुख काचेवर टिचकी मारून सांगत, "हे आमचं संशोधन."

एकदा अगदी कमी दिसणारा एक विद्यार्थी कपाटापाशी आला. "ही पाटी मिळेल का?" त्याने विचारलं.

"ती दाखवायची आहे, द्यायची नाही," कारकून म्हणाला.

तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याने त्या विषयातून सूट घेतली. मी आत होते तिथेच राहिले. हात लागेनासा झाला, तसं माझं रबर सुकलं आणि तडकलं.

काही महिन्यांनी फूटपट्टी त्याच प्रयोगशाळेत शिकवायला आली. तिने कपाट उघडायला लावलं. माझ्यावरून बोट फिरवताच ती थबकली. कारकुनाकडून तिला सगळं कळलं. ती मला कुरवाळत बसली नाही. तिने माझं माप घेतलं, माझ्यासारख्या नव्या पाट्या करवून घेतल्या आणि त्या विद्यार्थ्याला बोलावलं.

"आता काय उपयोग, मॅडम?" तो म्हणाला. "मला सूट मिळालीये."

"सूट राहू दे खिशात. बस आणि एक रेघ ओढ."

त्याची रेघ वाकडी गेली. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं आणि न विचारता दुसरी ओढली.

मित्रांनो, मला आता कोणी वापरत नाही, आणि त्याचं मला फारसं काही वाटत नाही. एवढंच सांगते: कोणाच्या उपयोगाची वस्तू तुमच्याकडे असेल, तर तिला कुलपात जपू नका. ती वापरून झिजली तर दुरुस्त करा. आणि कोणी मागायला आलं, तर किल्ली आधी शोधा.