महादेवाचं कोमट दूध

भवानी पेठेतल्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. माग केव्हाच भंगारात गेले होते, जमिनीत त्यांच्या बोल्टांची भोकं तेवढी उरली होती. त्या जमिनीवर आता दगडी शिवलिंग बसवलं होतं आणि त्याच्यावर तिपाईला तांब्याची गळती टांगली होती. गळती म्हणजे तळाला भोक असलेलं अभिषेकाचं भांडं. वरून पाणी ओतायचं, खाली पिंडीवर धार लागते. देवळादेवळात असते. इथे मात्र वरून पाणी ओतलं की खाली दूध पडायचं.

मी डोळ्यांनी पाहिलं. म्हातारीच्या तांब्यातलं स्वच्छ पाणी वर गेलं आणि पिंडीवरून पांढरीशुभ्र धार वाटीत उतरली. शेडभर "हर हर महादेव" घुमलं.

"महादेवाला म्हैस लागत न्हाय, पेंड लागत न्हाय, डेअरीचा टँकर लागत न्हाय," इथे मठ मांडून बसलेले पंचाक्षरी अप्पा पाटावरून सांगत होते. "मनात श्रद्धा पायजे. ती असली की पाण्याचं दूध हुतंय. नसली की दुधाचं पाणी."

"म्हंजे आमच्या गवळ्याला श्रद्धा न्हाय म्हणायची," माझ्यामागची एक बाई पुटपुटली आणि लगेच स्वतःच्या गालांत मारून घेऊन तिने हात जोडले.

अप्पांचे नियम साधे होते. पाणी घरून आणायचं, पण कोमट करून, कारण कैलासातल्या बर्फाने देव आधीच गारठलेला आहे. एका माणसाने एकच तांब्या ओतायचा. गळतीला अप्पांशिवाय कुणी हात लावायचा नाही. अधूनमधून त्यांचा शिष्य गळती उचलून पडद्यामागे न्यायचा. "देव दमतोय," अप्पा म्हणायचे. दमलेला देव थोड्याच वेळात ताजातवाना होऊन परत यायचा.

मी तिथे पार्वतम्मांचा हात धरून गेले होते. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. आई गेल्यावर मी गाव सोडून पुण्याला परतले नव्हते, आणि आईची शेजारीण काही मागते तर नाही म्हणवत नव्हतं. पार्वतम्मांचा मुलगा बसलिंगप्पा टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टमध्ये असतो, घरी पंधरवड्याने येतो. घरात त्या, सून दाक्षायणी आणि चार महिन्यांचा नातू. नातवाला जुलाब लागले होते. अप्पांनी बाळाकडे न पाहताच निदान केलं होतं: आईच्या दुधाला बाधा आहे. अंगावरचं बंद करा, महादेवाचं दूध पाजा. आणि दवाखान्याचं औषध पोटात गेलं तर देवाचं दूध बाटेल.

त्या दिवशी तीर्थ म्हणून माझ्या तळहातावर थोडं दूध पडलं. जिभेवर ठेवलं आणि मी थबकले. किंचित शिजल्यासारखा गोडसर वास, आणि गिळल्यावर टाळूला राहणारं पीठ. ही चव मला माहीत होती. कुठून, ते मात्र आठवेना.

आठवलं दुसऱ्या दिवशी, रुद्रप्पांच्या किराणा दुकानात. आई गेल्यावर भेटून जायचे राहिलेले लोक अजून येत होते, चहाला दूध कमी पडत होतं. मी दूध पावडरचं पाकीट मागितलं. शेवटच्या महिन्यांत आईसाठी तेच नेत असे.

"पाकीट संपल्यात, ताई," रुद्रप्पा म्हणाले. "सुटी हाय थोडी, पण ती मी तुमाला देणार न्हाय. कवाची हाय मलाच म्हाईत न्हाय."

"इतकी कोण नेतं?"

"अप्पांचा मठ. साय न काढलेल्या दुधाचीच लागते म्हणे. पाव्हणे लई, चहा लई."

शेडमध्ये मी चहाचा एक कपही पाहिला नव्हता.

घरी आईच्या डब्यात तळाशी थोडी पावडर उरली होती. आईला दुधात गुठळी चालत नसे. उकळत्या पाण्यात पावडर टाकली की बाहेरून शिजते, आत कोरडी राहते, गोळे तरंगतात. पाणी हवं कोमट. हे मी तिच्या उशाशी बसून, बरेच पेले फुकट घालवून शिकले होते. मी ती पावडर मलमलच्या फडक्यात बांधली, पुरचुंडी चहाच्या गाळणीत ठेवली आणि वरून कोमट पाणी सोडलं. खाली पेल्यात दूध जमा झालं. पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा दूध. त्यानंतरचं पाणी पातळ उतरलं.

तेवढ्यात दाक्षायणी दारात आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं, मान टाकून.

"ताई, हे रडतच न्हाय सकाळधरनं."

मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू खोल गेली होती. ओठ कोरडे.

"दाक्षायणी, आत्ता दवाखान्यात."

"आत्या सोडत न्हाईत. दोनदा रिक्षा बोलावली, दोनदा परत लावली. देवाचं दूध बाटलं आन् लेकरू गेलं तर तुज्यावर, म्हणतात."

मी तिला पेला दाखवला, फडकं दाखवलं. ती सगळं बघून म्हणाली, "मला पटलं, ताई. पण माजं कोण ऐकतंय?"

मी पार्वतम्मांकडे गेले. साखर-मिठाचं पाणी तरी पाजू द्या म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. वाद घालायला बसले असते तर संध्याकाळ झाली असती, आणि बाळाकडे तेवढा वेळ नव्हता. शेड चार घरं सोडून होती, अभिषेक चालू होता.

"काकू," मी म्हटलं, "एका वाटीनं त्याचं पोट कसं भरेल? महादेवाकडे काय कमी आहे? घागरभर कोमट पाणी घेऊन चला. मी धरते."

पार्वतम्मांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले होते. "अप्पा एकच तांब्या म्हणतात की."

"नातवासाठी मागायला लाज कसली?"

त्या उठल्या.

शेडमध्ये शिष्याने गळती नुकतीच पडद्यामागून आणून टांगली होती. पार्वतम्मांनी पहिला तांब्या ओतला. दूध आलं. त्यांनी घागरीत तांब्या पुन्हा बुडवला.

"अम्मा, एक पुरे," अप्पा म्हणाले.

"पुरे कसं, अप्पा? लेकराच्या पोटात काय ऱ्हात न्हाय." आणि त्यांनी ओतलं.

"लोभ बरा न्हवं."

"माज्यासाठी न्हाय मागत. त्याच्यासाठी मागतेय." पुन्हा ओतलं.

शिष्य पुढे सरकला, पण रांगेतल्या बायकाच मध्ये आल्या. "ओतू दे की तिला. पोरगं आजारी हाय तिचं."

दाक्षायणी बाळाला घेऊन पिंडीजवळ उभी होती, हातात वाटी. वाटीतलं दूध विरळ झालं. पुढचा तांब्या, आणि तांदळाच्या धुवणासारखं पाणी आलं. पार्वतम्मांचा हात थांबेना. मग वाटीचा तळ दिसला. पिंडीवरून नितळ पाणी पडत होतं.

अप्पा पाटावरून उठले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिच्या घरातनं प्रेत निघून महिना न्हाय झाला. सुतकाची बाई देवापुढं आणली. आटणार न्हाय तर काय हुईल?"

माणसं माझ्यापासून दूर सरली. घागर मी खाली ठेवली. आईचं नाव तिथे कुणी घ्यावं असं मला वाटत नव्हतं, मग मीही घेतलं नाही.

"माझ्यामुळे आटलं असेल तर मी बाहेर जाते," मी म्हटलं. "मी गेल्यावर याच गळतीत पाणी ओता. पडद्यामागे न नेता."

"देव दमलाय," शिष्याने गळतीला हात घातला.

त्याच्याआधी पार्वतम्मांचा हात आत गेला. भिजलेलं फडकं बाहेर आलं, मलमलची पुरचुंडी, आणि तिच्यातून पिवळट गोळे त्यांच्या तळव्यावर पडले. त्यांनी वास घेतला. एक गोळा चाखला.

"चैताली, हे काय हाय?"

"दूध पावडर, काकू. रुद्रप्पांच्या दुकानातली. पाणी कोमट असेल तर विरघळते, म्हणून कोमट. एका फडक्यात थोडेच तांबे निघतात, म्हणून एकेकच. संपली की पडद्यामागे नवी."

"वाईट असतंय का हे?"

"आपल्याला नाही. मी आईला देत होते, पाणी उकळून कोमट केलेलं, कोरडा चमचा, झाकणाचा डबा. पण एवढ्या बाळाला ही पावडर द्यायची नसते, पाकिटावर तसं छापलेलं असतं. आणि ह्या फडक्यातून, ह्या पिंडीवरून आलेली तर नकोच. त्याला फक्त आईचं दूध लागतं."

पार्वतम्मांनी फडकं अप्पांच्या पाटावर ठेवलं आणि त्या सुनेकडे वळल्या. "चल. रिक्षा बघ."

मागे अप्पा कलियुगाबद्दल काहीतरी सांगत होते. बायका पाटाभोवती जमत होत्या. पुढचं आम्ही पाहिलं नाही. मात्र नंतर पोलिसांत तक्रार दिली तेव्हा पार्वतम्मांनी स्वतः अंगठा उमटवला.

मुलांच्या डॉक्टरीणबाई फार बोलल्या नाहीत. अंगातलं पाणी आणि क्षार खूप गेलेत, एवढंच म्हणाल्या. सुई लावायला शीर सापडेना. दाक्षायणी भिंतीला टेकून उभी होती. पार्वतम्मा जमिनीवर बसल्या होत्या, नेहमीचं "शिवा शिवा" न म्हणता. शीर सापडली. उजाडताना बाळ जोरात रडलं, आणि डॉक्टरीणबाईंनी पुन्हा अंगावर पाजायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पोरीची आजी मोहोळहून आली. तिने पिशवीतून अंगारा काढला आणि पार्वतम्मांना विचारलं, "तुमी कुणाला नवस बोललात? लेकरू खेळाय लागलंय तुमचं."

"कुणाला न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या. "तुमाला लावायचा तर लावा अंगारा कपाळाला, पोटात घालू नका. आन् बाईंना इचारा, पोरीला काय झालंय, काय द्यायचं, काय न्हाय. कळलं न्हाय तर परत इचारा. इचारू नको म्हणणारा भेटला, तर पोर उचला आन् तितनं निघा."