नागछत्रीचा चोर

देवाचा रथ ढोलांच्या गजरात माझ्या दाराच्या रोखाने निघाला. रथाला खांदे माणसांचे, पण चालवतो देव; तो उंबऱ्याला टेकला की आम्ही चोर. मग वाळीत. थोरल्या लेकीचं जमलेलं लग्न मोडणार, सासरा गेला तर खांद्याला माणूस मिळणार नाही.

चोरी नागछत्रीची. वरच्या देवबनात, तोसाच्या उंच, सुईसारख्या पानांच्या झाडांखाली उगवणारी तीन पानांची बुटकी वनस्पती. बी पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही, ही देवाची आज्ञा. यंदा फूल गळायच्या आत कुणीतरी सगळा उतार उकरून औषधाची महागडी मुळं नेली. कुणीतरी कसलं! देवळाचा कारभार बघणारा कारदार ठेबे राम, त्याची खेचरं ओझ्याने वाकून उतरताना मी पाहिली होती, आणि नळावर चारचौघींत बोलले होते. म्हणून आज रथ माझ्याकडे. पुढचा दांडा कारदाराच्या पुतण्याच्या, टिकमूच्या खांद्यावर.

मी वाटेत आडवी आले. "खांदा बदला."

"बाजूला हो, सुरमी," कारदार खेकसला. "बाईमाणसाने रथाच्या वाटेत यायचं नसतं."

"देवच चालतोय ना? मग टिकमूच कशाला? घरी याला पाण्याची घागर उचलवत नाही, आज बरा जोर आला!"

मागे कुणी फिस्सकन हसलं. नाही म्हणायची सोय उरली नाही. कारदाराने गर्दीत नजर फिरवली. "भागीचंद, तू घे."

झालं, हाही त्याच्याच मुठीतला. भागीचंदची मेंढरं कारदाराच्या कुरणात चरतात.

रथ डोलला, गरकन फिरला आणि पुन्हा माझ्याच दाराकडे. ज्याच्या अंगात देव येतो तो गूर टोपी फेकून, केस मोकळे सोडून घुमत होता. भागीचंदची मान खाली.

"भावोजी, शपथ घालत नाही," मी म्हटलं. "फक्त माझ्याकडे बघत चाला."

त्याने वर पाहिलं. माझ्यामागे थोरली उभी होती. उंबऱ्याशी येऊन त्याचे पाय थांबले.

"चल की!" टिकमू ओरडला.

"कारदारजी, देव हलत नाहीये. मीच चालतोय," असं म्हणून त्याने खांदा काढून घेतला.

रथ कलंडला. जमिनीला लागला असता तर अख्खा गाव बाटला असता. कारदाराने झेप घेऊन दांडा स्वतःच्या खांद्यावर झेलला. ढोल थांबले. तो आणि मी, समोरासमोर.

"या ना," मी म्हटलं. "एकच पाऊल राहिलंय. टेकवा रथ."

त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. गाव श्वास रोखून त्याच्या पायांकडे बघत होता. रथाकडे कुणाचीच नजर नव्हती. त्याने दांडा वळवला आणि धडपडत, जवळजवळ पळतच, देवळाची वाट धरली.

गूर घुमायचा कधीच थांबला होता. गर्दीच्या पायांत तो आपली टोपी शोधत होता.