पेरलेली सावली

सोलांज वेर्दिएला सगळे टरकून असत, आणि तिला ते आवडे. आकाशात सोडलेली 'व्हेयूज' दुर्बीण ताऱ्यांचा उजेड टिपायची आणि फ्रान्समधल्या तुलूजच्या केंद्रातली माणसं तो तपासायची. त्यांच्यात दोन तट होते. एकाला ताऱ्यांच्या पोटातली थरथर मोजायची होती, दुसऱ्याला ग्रह शोधायचे होते. सोलांज ग्रहवाल्यांची मुख्य. समोरून ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड जरासा मंदावतो. अशी सावली सारख्या अंतराने तीनदा दिसली तरच ग्रह मानायचा, हा तिचा नियम.

दुसरा नियमही तिचाच. शोधणारे बेसावध राहू नयेत म्हणून दर हंगामात एकाने माहितीत खोट्या सावल्या पेरायच्या. कुठे पेरल्या ते दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही, आणि दुर्बिणीकडून आलेली मूळ माहिती हंगाम संपेपर्यंत कुलूपबंद.

दुर्बीण नवी होती तेव्हा पेरणारी सोलांजच होती आणि रेमी कास्तेरा तिचा विद्यार्थी. पोराला तीन सावल्या सापडल्या. त्याने आल्बी गावी बापाला फोन लावला तेव्हा ती शेजारीच उभी होती. तिने अडवलं नाही. बाप बेकरीवाला. ठेवणीतला कोट घालून, ग्रहासारखा गोल, निळा केक घेऊन तो तुलूजला आला. केक कापून, खाऊन झाल्यावर सोलांज तोंड पुसत सगळ्यांदेखत म्हणाली, "केक छान आहे, मस्यू कास्तेरा. ग्रह मात्र माझा आहे. मीच पेरला होता."

लोक पोट धरून हसले. म्हाताऱ्याला काही कळलं नाही, सगळे हसले म्हणून तोही हसला. लवकरच रेमी ताऱ्यांच्या गटात निघून गेला, आणि एवढ्यावर रुसणाऱ्याचं इथे कामच काय, असं सोलांज जो भेटेल त्याला सांगत सुटली.

वर्षं गेली. दुर्बीण कुठे वळवायची हे आता रेमी ठरवू लागला, सावल्या पेरायचं कामही त्याच्याकडेच आलं. सोलांजची निवृत्ती तोंडावर आली होती. इतरांचे कितीतरी ग्रह तिने निर्दयपणे खोडून काढले होते, पण तिच्या स्वतःच्या नावावर एकही नव्हता. आणि आता एका पिवळ्या ताऱ्यावर तिला दोन सावल्या दिसल्या. ग्रह पृथ्वीहून थोडाच मोठा असावा. एवढी बारीक सावली जमिनीवरच्या कुठल्याही दुर्बिणीला दिसली नसती. तिसरी यायला थोडेच दिवस हवे होते, पण दुर्बीण त्याआधी वळणार होती. डोळ्यात ऊन जाऊ नये म्हणून वर्षातून दोनदा तिला पाठ फिरवावी लागते. आठवडाभर उशीर दुर्बिणीने सोसला असता.

आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेल्या बाईने बैठकीत गयावया केली. रेमीने सगळं ऐकून घेतलं.

"मादाम, सांगायला जड जातंय," तो म्हणाला, "पण त्या सावल्या मी पेरल्यात."

सगळ्यात मोठ्याने हसले ते तिनेच घडवलेले विद्यार्थी. दुर्बीण ठरल्या दिवशी वळली.

हंगाम संपला, कुलूप निघालं. मूळ माहिती पाहायची तर बसल्या जागी पाहता आली असती. सोलांजने पाहिली नाही. स्वतःच्याच फजितीचा पंचनामा कोण करतो? पुढच्या हिवाळ्यात दुर्बिणीचा संगणक बंद पडला, तो कायमचाच.

सोलांजच्या निरोपाला उपाहारगृहात वाइन होती, सॉसेज होते, आणि रेमीने आल्बीहून आणलेला निळा केक होता. बाप वारल्यापासून बेकरी बहीण चालवायची. त्याने बशी सोलांजच्या हातात दिली आणि तिला अदबीने खिडकीपाशी नेलं.

"त्या पिवळ्या ताऱ्यावर मी काहीच पेरलं नव्हतं, मादाम."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"खोटं बोलतोयस."

"आत्ता, की तेव्हा?" तो हळूच हसला. "मूळ माहिती केव्हाची उघडी आहे. तुम्ही बघणार नाही, ठाऊक होतं मला. लाजेनं बघवत नाही. माझ्या वेळी मीही नव्हती बघितली."

"मी सांगेन सगळ्यांना."

"सांगा की. मी म्हणेन, ताऱ्याचा क्रमांक चुकला माझा. पण तिसरी सावली कुठून आणणार? दोनवर आपल्याकडे कुणी टाळ्या वाजवतं का?"

सोलांजला त्याच्या तोंडावर बशी फेकून मारावीशी वाटली. पण दुर्बीण मेली होती, आणि तिचा ग्रह आता कुणालाच दिसणार नव्हता. रेमी लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "मादामना विचारा, केक कसा झालाय!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने एक घास कसाबसा गिळला.

"छान आहे," ती म्हणाली.

कुणीतरी ओरडलं, "बघा हं मादाम, नीट बघा, पेरलेला असेल!" लोक पोट धरून हसले. सगळे हसले म्हणून सोलांजही हसली.