कोऱ्या कार्डांवरच्या सह्या

दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायची आणि कार्डावर सही करायची, हे गाड्यांच्या कंपनीच्या वर्कशॉपमधलं माझं काम. दिवसाला चाळीस गाड्या आणि मी एकटा. म्हणून आमचे मॅनेजर, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सकाळीच कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पुढ्यात टाकत. चहा पिता पिता मी सगळ्यांवर सह्या करून मोकळा व्हायचो. मेकॅनिक मला ज्योतिषी म्हणायचे. "गाडी अजून घरून निघाली नाही, आणि ह्याने पास केली."

शिवणकाम करणारी एक बाई एकाच तक्रारीसाठी तीनदा आली. ब्रेक दाबला की पाय खालीच जातो, म्हणाली. तिन्ही वेळा माझ्या सहीच्या वर दाजींनी लिहिलं, 'चालवून पाहिली, दोष नाही.' पुढे एका उतारावर गाडी थांबलीच नाही. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. कंपनीने लेखी कळवलं, बाईंना गाडी चालवता येत नाही. सासरचेही तेच म्हणू लागले. तेव्हा ती ग्राहक न्यायालयात गेली.

कंपनीने साक्षीला मला बोलावलं. आदल्या दिवशी दाजी आणि ताई घरी आले.

"गाडी चालवली, ब्रेक ठीक होते. एवढंच बोलायचं," दाजी म्हणाले.

"चालवली नव्हती, दाजी."

"ते मला सांगू नकोस. तुझी जीभ घसरली की माझी मान अडकते."

"खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस रे," ताई म्हणाली. "नोकरी ह्यांनीच लावलीय तुला."

मी मान डोलावली.

न्यायालय म्हणजे एक लहानशी खोली. बाईचा नवरा कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन समोरच बसला होता. कंपनीच्या वकिलाने कार्डं दाखवली.

"सह्या तुमच्याच?"

"माझ्याच."

"गाडी चालवून बघितली होती?"

हो म्हणायचं ठरवूनच गेलो होतो. पण बाईचा नवरा रागाने बघत नव्हता. दोष कुठे होता ते आता कळेल, अशा आशेने बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."

वकील लगेच सावरला. "म्हणजे हलगर्जीपणा ह्या माणसाचा. कंपनीचा काय संबंध?"

खरं बोललो तरी कंपनी सुटणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "कोरी कार्डं कोण देत होतं?"

दाजी शेवटच्या बाकावर होते. मी गप्प बसलो असतो, तर सगळं माझ्यावर येऊन मिटलं असतं.

"मॅनेजर. माझे दाजी. दिवसाला चाळीस गाड्या सोडायच्याच, असं कंपनीचं पत्र आहे. त्यांच्या टेबलामागे लावलंय."

न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं आणि पत्र हजर करायला सांगितलं.

बाहेर दाजी पुढे निघून गेले. बाई आली. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"तिन्ही वेळा किल्ली तुमच्याच हातात दिली होती मी," ती म्हणाली.

जिन्यापाशी नवरा थांबला होता. आधार द्यायला मी पुढे झालो. "नको," तो म्हणाला, आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरू लागला.